घरच्या संगणकाचा राखणदार

आपल्या मीरा-भाईंदर शहरांतील पुष्कळ घरांत आतां संगणक आहे. वडिलांचे हिशेब, ताईचे निबंध, कुटुंबाचीं छायाचित्रें, बँकेचे व्यवहार हें सर्व त्यांत सांठविलेलें असतें. अशा ठेव्यास राखणदार हवा, हें उघड आहे. परंतु तो कसा निवडावा, ह्याचा विचार फार थोडे लोक करितात.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊं. संगणकाचा विषाणु हा रोगजंतु नव्हे. ती मनुष्यानेंच लिहिलेली, आपल्या प्रती काढीत पसरणारी आज्ञावली होय. १९८६ सालीं लाहोर येथील दोन भावांनीं लिहिलेला 'ब्रेन' हा अगदीं आरंभींच्या विषाणूंपैकीं एक. पुढें पुण्यास कैलास व संजय काटकर ह्या दोन भावांनीं नेमकें उलट कार्य केलें. थोरल्याकडे दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणु आढळत. तेव्हां धाकट्यानें त्यांचा नाश करणारी आज्ञावली लिहिली. तीच पुढें 'क्विक हील' ह्या नांवानें देशभर गेली.

असा अँटिव्हायरस दोन रीतींनीं काम करितो. ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी त्याच्यापाशीं असते, तिच्याशीं तो प्रत्येक फाईल ताडून पाहतो. आणि एखादी आज्ञावली संशयास्पद वागूं लागली, तर तिला अडवितो. नवे विषाणु रोज निपजतात, म्हणून ही यादीही रोज ताजी व्हावी लागते. मुदत संपलेला अँटिव्हायरस म्हणजे जुन्याच चोरांचीं चित्रें घेऊन बसलेला पहारेकरी.

आतां निवडीच्या कसोट्या. पहिली गरजेची. विंडोज १० व ११ ह्यांत मायक्रोसॉफ्टचा 'डिफेंडर' मूळचाच असतो. त्यास वेगळें मूल्य पडत नाहीं. संगणक नियमित अद्ययावत् ठेविला, तर सामान्य घरास तो बहुधा पुरतो. मात्र विंडोज १० ची सर्वसाधारण सुधारणा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, हें ध्यानांत असावें. भिंतच खचली, तर दारावरचा पहारेकरी काय करील?

दुसरी कसोटी परीक्षेची. जर्मनींतील 'एव्ही-टेस्ट' व ऑस्ट्रियांतील 'एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज' ह्या संस्था निरनिराळे अँटिव्हायरस तपासून निकाल प्रसिद्ध करितात. विषाणु किती पकडले, संगणक किती मंदावला, निरपराध फाईलींवर किती वेळां आळ घेतला, हें त्यांत पाहावें.

तिसरी कसोटी सचोटीची. राखणदारास घराचा कानाकोपरा दिसतो. ग्राहक संगणकावर काय काय पाहतात, ही माहिती विकल्याबद्दल 'अव्हास्ट' ह्या कंपनीस २०२४ सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें १ कोटी ६५ लक्ष डॉलर भरावयास लाविले. म्हणून फुकट वस्तूची किंमत कोणत्या रूपानें द्यावी लागते, हें आधीं विचारावें.

चौथी कसोटी खर्चाची. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलूं नये. दुसऱ्या वर्षीं काय पडेल, तें पाहावें. शिवाय दोन अँटिव्हायरस एकत्र चालवूं नयेत. ते एकमेकांसच अडवितात.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, भीतीच्या भरांत कांहींही विकत घेऊं नये. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणे पोलिसांनीं आपल्याच मीरा रोडवरील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेंतील लोकांस, आपण कर-अधिकारी असल्याची बतावणी करून, अटकेचा धाक घातला जाई व पैसे उकळले जात. मनुष्य घाबरला, एवढ्यानेंच त्यांचें काम भागे. पडद्यावर अकस्मात् झळकणारी 'तुमच्या संगणकांत विषाणु आहेत, त्वरित फोन करा' ही सूचना त्याच जातीची होय. तो फोन करूं नये. खिडकी बंद करावी व वडील मंडळींस सांगावें. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें.

शेवटीं, उत्तम राखणदारही कधीं हरतो. जून २०१७ मध्यें विषाणूच्या हल्ल्यानें मर्स्क ह्या जगड्व्याळ जहाज-कंपनीचे संगणक बंद पडले, तेव्हां जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या टर्मिनलचेंही काम खोळंबलें. म्हणून महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरून, ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

सुटींत प्रत्येकानें आपल्या घरीं तीन गोष्टी पाहाव्या: राखणदार जागा आहे काय, त्याची यादी ताजी आहे काय, आणि छायाचित्रांची दुसरी प्रत कोठें आहे? तिसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर आरंभ तेथूनच करावा.