एका आज्ञेचें नामांतर

हेदवीच्या जांभ्या चिऱ्यांच्या जुन्या घरांत माजघर भर दुपारींहि अंधारें असतें. कौलांत एक कांच बसविल्यास तेथें उजेड किती पडेल, हें छपरास हात न लावतां गणितानें काढतां येतें. त्यासाठीं ‘रेडियन्स’ हा संगणकीय कार्यक्रमांचा संच ग्रेग वॉर्ड यांनीं अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत १९८५ पासून रचिला.

ह्यांतील प्रत्येक कार्यक्रम त्याचें नांव टंकून चालू करावयाचा. नांव हीच आज्ञा. खोलीचें चित्र पडद्यावर दाखविणाऱ्या कार्यक्रमास ‘आर-व्ह्यू’ म्हणत. पुढें ‘विम’ ह्या मजकूर लिहिण्याच्या कार्यक्रमानेंहि आपल्या एका रूपास तेंच नांव दिलें. गांवांत दोन गणपतराव असले तर पोस्टमन आळी विचारतो. यंत्र कांहींच विचारीत नाहीं. शोधतांना जो प्रथम सांपडेल त्यालाच तें उठवितें. माजघर पाहूं जावें, तों समोर मजकुराचें पान!

शेवटीं थोरल्यानेंच नांव सोडलें व तो ‘आर-व्ही-यू’ झाला. रोमन लिपींतील पांच अक्षरांचीं तीन उरलीं. उच्चारांत जुनी ओळख राहिली. वडीलकीचा मान गेला खरा, पण विम असंख्य यंत्रांवर आधींच बसलेला असतो, म्हणून आम्हांस ही तडजोड योग्य वाटते. भुर्दंड मात्र वापरणारांस पडला. १९९८ सालच्या ‘रेंडरिंग विथ रेडियन्स’ ह्या ग्रंथांत जुनेंच नांव छापलें आहे. तो समोर ठेवून शिकणारानें तेथें नवें नांव वाचावें, आणि साठवून ठेवलेल्या जुन्या आज्ञा एकेक करून दुरुस्त कराव्या.