पिल्लाचं पोट बिघडतं तेव्हा

वसंत ऋतू सुरू झाला की अमेरिकेतल्या फीड स्टोअरमध्ये कोंबडीची पिल्लं विकायला येतात. गेल्या वर्षी आम्हीही सहा पिल्लं आणली. तिसऱ्या दिवशी त्यांतलं एक पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं होतं. उचलून पाहिलं तर शेपटीखाली वाळलेल्या विष्ठेचा खडा घट्ट चिकटलेला. याला इथे ‘पेस्टी व्हेंट’ म्हणतात. कोमट पाण्याने मी तो काढला आणि निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तिथे पुन्हा तसाच खडा! मी फक्त लक्षण पुसलं होतं. कारण जागच्या जागी होतं.

बाहेर पडायला एकच दार

आपल्या शरीरात लघवी आणि शौच यांच्या वाटा वेगळ्या असतात. पक्ष्यांमध्ये आतडं आणि मूत्रवाहिन्या एकाच कप्प्यात उघडतात. त्याला अवस्कर म्हणतात, आणि तिथून बाहेर पडायला एकच दार असतं. शिवाय पक्षी शरीरातला नत्रयुक्त कचरा मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. विष्ठेवरचा पांढरा भाग तो हाच. युरिक आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे ते टाकताना पाणी कमी खर्च होतं. पण विष्ठा चिकट झाली की ती मऊ लवेला धरते आणि वाळून कडक होते. दार बंद झालं की घन आणि द्रव दोन्ही कचरा आतच अडकतो. म्हणूनच वेळेवर लक्ष गेलं नाही, तर एवढ्याशा खड्याने पिल्लू दगावू शकतं.

मूळ बहुतेकदा उबेत आणि पाण्यात

पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. पहिले काही दिवस त्याला शरीराचं तापमान स्वतः राखता येत नाही. गारठलं की ते आईच्या पंखाखाली शिरतं आणि ऊब मिळाली की बाहेर येतं. आपल्या खोक्यात आईच्या जागी दिवा असतो. तो कमी पडला किंवा जास्त झाला, तरी पिल्लावर ताण येतो आणि पोट बिघडतं. जास्त उष्णतेत अंगातलं पाणीही कमी होतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर साधारण 35 अंश सेल्सियस तापमान हवं. नंतर दर आठवड्याला सुमारे 3 अंशांनी कमी करायचं. मी थर्मामीटर खोक्याच्या भिंतीवर वर लावला होता. तो दिव्याखाली, पिल्लांच्या उंचीवर ठेवला तेव्हा पारा 40 वर गेला! दिवा वर घेतला आणि खोक्याची एक बाजू थंड राहू दिली. त्यानंतर खडा पुन्हा धरला नाही.

थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे पाहा. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. पसरून खात-पीत असतील तर ठीक.

पिल्लं टपालाने आली असतील तर पाणी अधिकच महत्त्वाचं. अंड्यातून बाहेर पडण्याआधी उरलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्यावर ते दोन-तीन दिवस तगतं. म्हणून तर अमेरिकेत 1918 पासून पिल्लं टपालाने पाठवली जातात. पण प्रवासात पाणी घटतंच. आल्यावर प्रत्येकाची चोच हलकेच पाण्यात बुडवा, खाणं त्यानंतर.

खडा कसा काढायचा

- कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ कापड खड्यावर काही मिनिटं धरा. मऊ झाला की हळूहळू पुसा. ओढू नका, कातडी फाटते आणि बाकीची पिल्लं तिथे टोचतात.
- विष्ठाद्वार शेपटीच्या लगेच खाली असतं. त्याच्याही खाली, पोटावर वाळलेला काळपट ठिपका दिसला तर ती बेंबी. तिला हात लावू नका.
- पिल्लू पूर्ण कोरडं करा, नाहीतर पुन्हा गारठेल. मग पेट्रोलियम जेलीचं बोट हलकेच फिरवा.
- पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ तपासा.

दही द्यावं का?

पोट बिघडलं की आपल्याला पहिलं दही आठवतं. पण पक्ष्यांना दुधातली लॅक्टोज साखर नीट पचत नाही; जास्त झाली तर विष्ठा आणखी पातळ होते. जिवाणूंची कल्पना मात्र चुकीची नाही. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना दिले, तेव्हा साल्मोनेलापासून त्यांचं संरक्षण झालं. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आईकडून हे जिवाणू मिळत नाहीत. तरी घरी मोठ्या कोंबडीची विष्ठा देण्याचा प्रयोग नको. तिच्यातून रोगही येतात.

पशुवैद्याकडे कधी?

अधूनमधून दिसणारी तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठा अंधनालातून येते, ती नेहमीचीच. पण विष्ठेत रक्त दिसलं किंवा अनेक पिल्लं एकदम मलूल झाली, तर थांबू नका. तीन आठवड्यांच्या पुढच्या पिल्लांत हा बऱ्याचदा कॉक्सिडिओसिस असतो. त्याला दिव्याची उंची बदलून भागत नाही, औषधच लागतं.

आणि आपल्यासाठी: ही सफाई स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लं हातात देऊ नका, आणि मोठ्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा.