चकाकी हवी तेवढीच

आमच्या पहूरच्या घरातला सागवानी झोपाळा पिढ्यान्‌पिढ्या बसून मऊ, मंद चमकायचा. ओटीच्या तिरप्या उजेडात लाकडाच्या रेषा खोलवर दिसत. कडांचं पॉलिश उडालं होतं, फळीवर पाण्याच्या तांब्याचे पांढरे वळे उमटले होते. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य होतं, म्हणून ऐन श्रावणात एका पॉलिशवाल्याने काम काढलं. जुन्या चपडीवर, म्हणजे लाखेच्या पॉलिशवर, वरवर काचकागद फिरवून त्याने मेलामाईनचे ग्लॉसी हात मारले. फळीत पंख्याचं प्रतिबिंब दिसू लागलं आणि रेषा दिसेनाशा झाल्या. थर कुठे पांढरट पडला, हिवाळ्यात कडेने पापुद्रे सुटले. पुढे सगळं खरवडून काढताना फळीची जाडीही थोडी गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून ज्यांच्या घरी आजीचा पलंग किंवा पणजोबांची पेटी आहे, त्यांनी काम सांगण्याआधी जुना थर कशाचा आहे ते पाहावं. खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा थोडा वेळ दाबून धरा. थर चिकट झाला तर ती चपडी. चपडीत लाखेचं नैसर्गिक मेण असतं. त्यावर मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) नीट धरत नाही. एक तर चपडीवर चपडीच लावा, नाहीतर सगळं उतरवा.

ऋतूकडे तर आमच्या खानदेशात डोळेझाक करूच नये. पावसाळ्यात स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पांढरी झाक येते. वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे गेला की हात सपाट बसण्याआधीच वाळतो, ब्रशच्या रेघा राहतात, वर धूळ बसते. कार्तिक ते माघ हे दिवस सगळ्यात चांगले.

आता खुद्द चकाकी. मॅट किंवा सॅटिन पॉलिशमध्ये सिलिकाची अतिबारीक पूड असते. ती उजेड विखुरते, म्हणून चमक मंद दिसते. ही पूड डब्याच्या तळाशी बसते. तळापासून सावकाश ढवळलं नाही तर पहिलं दार चकचकीत आणि शेवटचं निस्तेज निघतं. डबा हलवू मात्र नका, बुडबुडे येतात. सगळेच हात मॅटचे दिले तर लाकडावर धुकं साचल्यासारखं दिसतं, म्हणून खालचे हात ग्लॉसीचे आणि फक्त शेवटचा सॅटिनचा द्यावा. घासणं १२०, १८०, २२० नंबरच्या काचकागदाने, क्रमाने आणि रेषेच्या दिशेने करावं. मधला नंबर गाळला की ओरखडे पॉलिशखालून उठून दिसतात. दिवा बाजूला, खाली धरून पाहिलं की ते आधीच सापडतात. नमुना त्याच लाकडाच्या तुकड्यावर काढून घ्या आणि वस्तू जिथे राहणार त्या खोलीत, दिवसाच्या उजेडात पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवड करू नका.

दिलेला थर पुढे काढता येईल का, याचाही विचार हवा. पहूरहून फर्दापूरकडे गेलं की अजिंठ्याची लेणी. तिथल्या भित्तिचित्रांवर १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचा थर दिला. हेतू चांगलाच होता, पण तो थर काळाबरोबर पिवळा पडला आणि तो उतरवण्याचं नाजूक काम पुढे पुरातत्त्व खात्याला करावं लागलं. भिंतीवरच्या रंगांतून लाख काढणं महाकठीण; लाकडावरची मात्र स्पिरिटने सुटते. म्हणून वडिलोपार्जित वस्तूला मी चपडी आणि वर मेण हेच सुचवतो. जेवणाच्या टेबलाला, जिथे गरम भांडं आणि पाणी रोजचं, तिथे सॅटिन पीयू बरा.

चमक जास्त झालीच तर थर पूर्ण कडक होऊ द्या, मग सर्वांत बारीक स्टील वूलला मेण लावून रेषेच्या दिशेने हलक्या हाताने घासा. जवसाच्या तेलाचा हात देणार असाल तर तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. अंगणात एकेक पसरून वाळवा.