स्नेह : औषधाचे वाहन
(लिपिड-वाहक कल्पना आणि आपली सिद्ध घृते)

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ पसरली, तेव्हा लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रात रुग्णांच्या नातेवाइकांची धावाधाव झाली. त्यातील मूळ द्रव्य जुनेच होते. वृक्कांवर होणारा त्याचा घातक परिणाम कमी व्हावा, म्हणून ते स्निग्ध कणांत बांधलेले होते, एवढाच भेद. वाहन बदलले की द्रव्याचे कर्म किती पालटते, याचे हे ठळक उदाहरण होय. स्नेहकल्पना नित्य वापरणाऱ्या वैद्यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

वाहकांचे स्वरूप

फॉस्फोलिपिडच्या रेणूचे एक टोक जलप्रिय, तर दुसरे स्नेहप्रिय असते. पाण्यात हे रेणू दुहेरी थर रचून सूक्ष्म पोकळ गोलिका बनवतात. हेच लायपोसोम. अ‍ॅलेक बँगहॅम या ब्रिटिश संशोधकाने १९६० च्या दशकात त्यांचे वर्णन केले. जलविद्राव्य औषध गोलिकेच्या पोकळीत राहते, स्नेहविद्राव्य औषध तिच्या भित्तीत. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाच्या लायपोसोम कल्पास १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कोविडवरील एमआरएनए लसींतही लिपिडचे अतिसूक्ष्म कणच वाहक आहेत. वनस्पतीचे कार्यकारी घटक फॉस्फॅटिडिलकोलीनशी जोडून केलेल्या कल्पांना फायटोसोम म्हणतात.

शोषणाचा मार्ग

मुखावाटे घेतलेल्या स्नेहाचे पित्तक्षार व लायपेज यांच्या योगे सूक्ष्म कण होतात. दीर्घ शृंखलेची मेदाम्ले आंत्रभित्तीत कायलोमायक्रॉनमध्ये बांधली जाऊन लसवाहिन्यांत शिरतात. त्यांच्यासवे जाणारे स्नेहविद्राव्य औषध यकृतातील पहिले पचन टाळून रक्तात पोहोचू शकते.

सिद्ध घृत म्हणजे लायपोसोम नव्हे

‘आमचे घृत म्हणजे प्राचीन नॅनो-औषध’ असे विधान अलीकडे जाहिरातींत सर्रास आढळते. ते शास्त्राला धरून नाही. लायपोसोमसाठी फॉस्फोलिपिड व जल या दोहोंची आवश्यकता असते. लोणी कढवताना फॉस्फोलिपिड बहुतांशी बेरीत राहतात आणि स्नेहपाकात जलांश निघून जातो. शार्ङ्गधरोक्त प्रमाणानुसार कल्क १, स्नेह ४ व द्रव १६ भाग घेऊन पाक केल्यावर मुख्यत्वे द्रव्यांतील स्नेहविद्राव्य अंश स्नेहात उतरतो. स्वगुण न सोडता संस्कारित द्रव्याचे गुण घेणे, हे चरकाचार्यांनी सांगितलेले घृताचे वैशिष्ट्य स्वयंपूर्ण आहे. त्याला उसन्या नावाची गरज नाही.

व्यवहारात काय करावे?

१) पाकपरीक्षा टाळू नये. कल्काची वर्ती व्हावी, ती अग्नीवर धरता तडतड आवाज होऊ नये. सिद्धिकाळी घृतात फेन शमतो, तर तैलात फेन येतो. तडतड म्हणजे शिल्लक जलांश आणि जलांश म्हणजे घृत लवकर बिघडणे.

२) प्रकाश, हवा, तसेच तांबे व लोखंड यांच्या संपर्काने स्नेहाचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. औषधी दुकानदारांनी घृत-तैले उन्हाच्या कपाटात मांडू नयेत. खवट वास आलेली बाटली ग्राहकास देऊ नये.

३) शोषण वाढते तसा अपायही वाढू शकतो. हरिद्रेतील कर्क्युमिन साध्या चूर्णातून फारच अल्प शोषले जाते. त्यामुळे पिपेरिनयुक्त वा फायटोसोम स्वरूपातील कॅप्सूल ही ‘नुसती हळद’ राहत नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीची पूरके घेणाऱ्या काही व्यक्तींत यकृतशोथ आढळला होता. अशी कॅप्सूल देण्यापूर्वी यकृतविकाराचा इतिहास व चालू औषधे अवश्य विचारावीत. कावीळ, गडद मूत्र वा अरुची दिसताच कॅप्सूल बंद करून यकृताची रक्ततपासणी करावी.

४) स्नेहामुळे काही आधुनिक औषधांचे शोषणही वाढते. दद्रूवरील ग्रिसिओफल्विन हे त्याचे परिचित उदाहरण. म्हणून शोधनार्थ स्नेहपानापूर्वी रुग्णाची सर्व औषधे पाहावीत.

वाहनाचे बळ जाणणाऱ्यानेच मात्रेचे भान राखावे. अग्नी, कोष्ठ व काल पाहून स्नेहमात्रा ठरवण्याची आपली परंपरा नव्या कल्पांनाही तितकीच लागू आहे.