सगळ्या गोळ्या एकाच डॉक्टरांसमोर

विडी-सिगारेट सोडायला गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात आणि त्यांचा उपयोग होतो. मी स्वतः त्यांच्याच आधाराने विडी सोडली आहे. त्यामुळे हे वाचून कुणी त्या गोळ्यांना घाबरू नये. पण धूर बंद झाला की शरीरात एक बदल घडतो आणि तो विडी ओढणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. दम्याची, मानसिक आजाराची किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधं आधीपासून चालू असतील, तर हा बदल जिवावर बेतू शकतो. माझ्यावर जे ओढवलं ते इतरांवर ओढवू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो.

आम्ही सिंधुदुर्गातल्या जामसंड्याचे आंबा बागायतदार. मोहोर आला की फवारणी, मग झेल्याने आंबा काढणं, आढी लावणं, पेट्या भरणं आणि रात्री वाशीच्या गाडीची वाट बघणं. या प्रत्येक कामाला विडी जोडलेली होती. पेट्या बांधून झाल्या की विडी, गाडीला उशीर झाला की विडी, आणि सोबत चहा. पुढे छातीत घरघर सुरू झाली, चढ चढताना दम लागू लागला. तेव्हा एका डॉक्टरांनी दम्यासाठी थिओफायलिनची गोळी दिली. सकाळ-संध्याकाळ ती घ्यायची सवय इतकी अंगवळणी पडली की ती औषध आहे हेही मनात येईनासं झालं.

विडी सोडायची ठरवलं तेव्हा दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी व्हॅरेनिक्लिन लिहून दिली. किडनीचा त्रास, फिट, मनाचा आजार, दारू, सगळं विचारलं. दम्याच्या गोळीचा विषय मात्र निघाला नाही. दोन गावांचे दोन डॉक्टर आणि दोन चिठ्ठ्या. एकीवर काय आहे ते दुसरीला ठाऊक नव्हतं.

व्हॅरेनिक्लिनची पद्धत सोपी आहे. पहिले ३ दिवस अर्धा मिलिग्रॅम दिवसातून एकदा, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तेवढीच दोनदा आणि आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा. हा क्रम साधारण १२ आठवडे चालतो. गोळी सुरू करतानाच विडी सोडायचा दिवस ठरवायचा आणि तो साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ठेवायचा. मेंदूत निकोटीन ज्या जागी जाऊन बसतं, त्याच जागी ही गोळी जाऊन बसते. त्यामुळे तलफ सौम्य होते आणि विडी ओढलीच तरी तिच्यातली मजा निघून जाते. मला नेमका हाच अनुभव आला. ठरलेल्या दिवशी विडी सुटली ती फार ओढाताण न होता सुटली.

त्यानंतर काही दिवसांतच त्रास सुरू झाला. आधी मळमळ. ती या गोळीने होते हे सांगितलेलं होतं, म्हणून सोसली. मग उलट्या, डोकेदुखी, झोप उडाली. रात्री छाती अशी धडधडायची की उशीवर कान टेकला तरी ठोके ऐकू यायचे. हंगाम ऐन भरात होता. एका संध्याकाळी पेटीची दोरी बांधायला बसलो तर बोटं इतकी थरथरत होती की गाठ बसेना. शेवटी पुतण्याने माझ्या हातातून दोरी घेतली.

घरात सगळ्यांचा संशय एकाच गोष्टीवर. बायको म्हणाली, “ही नवी गोळी आधी बंद करा. तुमका कायतरी झाला तर?” शेजारच्या बागेतले काका पेट्या बघायला आले होते. ते म्हणाले, “अरे, एक विडी ओढ, सगळा बरा होतला.” दोघंही प्रेमापोटीच बोलत होते.

हृदयाचंच काही असेल या भीतीने मुलगा मला कणकवलीला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. जाताना त्याने घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून घेतल्या. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर उपडी केली, पट्ट्या एकेक करून ओळीने मांडल्या आणि थिओफायलिनच्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, “विडी कधी सोडलीत?” मी सांगितलं. “आणि त्यानंतर ही गोळी कमी केली कुणी?” कुणीच केली नव्हती. त्यांनी ईसीजी काढला, रक्ताचा नमुना घेतला आणि अहवालाची वाट न बघता थिओफायलिन लगेच थांबवायला लावलं. व्हॅरेनिक्लिन मात्र तशीच चालू ठेवली. दोन-तीन दिवसांत हात स्थिर झाले आणि झोप लागू लागली. पुढे दम्यासाठी त्यांनी श्वासातून घ्यायचं औषध दिलं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते असं. थिओफायलिनसारखी काही औषधं यकृतात मोडली जातात. विडीच्या धुरातल्या काजळीत जी रसायनं असतात, ती यकृताला हे काम जास्त वेगाने करायला लावतात. हंगामात बागेत जास्तीचे गडी लावावेत आणि काम भराभर उरकावं, तसं ते चालतं. धूर थांबला की आठवडाभरातच ते जास्तीचे गडी निघून जातात. गोळी मात्र तेवढीच घेतली जाते. मग न मोडलेलं औषध रक्तात साठत जातं आणि जो डोस विडी ओढताना बेताचा होता, तोच विषासारखा वागू लागतो. थिओफायलिन फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, फिटही येऊ शकते. म्हणून धूर सुटला की पहिल्याच आठवड्यात त्याचा डोस साधारण पाव ते एक तृतीयांश कमी करावा लागतो. तो डॉक्टरांनीच कमी करायचा.

यातली सर्वांत धोक्याची गोष्ट मला नंतर कळली. काकांचं ऐकून मी पुन्हा विडी धरली असती, तर थोड्या दिवसांत मला खरंच बरं वाटलं असतं! धुराने यकृताचा वेग पुन्हा वाढला असता, रक्तातलं औषध उतरलं असतं, आणि विडीशिवाय आपलं शरीर चालतच नाही अशी माझी आणि साऱ्या घराची पक्की समजूत झाली असती. ‘विडी सोडली आणि आजारी पडलो’ असं सांगणारी माणसं प्रत्येक गावात भेटतात. त्यांच्यातल्या काहींच्या आजारामागे हेच कारण असेल, असं मला आता वाटतं.

हा परिणाम निकोटीनचा नाही, धुराचा आहे. त्यामुळे विडी गोळीने सोडा, निकोटीनच्या गमने सोडा किंवा नुसत्या निश्चयाने सोडा, धूर थांबला की तो होणारच. हातपाय मोडून किंवा ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडून राहिल्यामुळे विडी सुटली तरीही होतो. राष्ट्रीय पातळीवरच्या २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं आढळलं, पण धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्केच होते. बाकी बहुतेक तंबाखू खाणारे किंवा मशेरी लावणारे. तंबाखू चघळणाऱ्यांच्या यकृतावर असा परिणाम होत नाही. कदाचित त्यामुळेच आपल्याकडे या गोष्टीची चर्चा कमी होते.

आता सोडू पाहणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना हात जोडून सांगणं.

डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक गोळी, पंप, इन्सुलिन आणि काढासुद्धा पिशवीत घालून न्या आणि “मी अमुक तारखेला विडी सोडणार आहे, यातलं काय बदलावं लागेल?” असं स्पष्ट विचारा. दम्याच्या थिओफायलिनबरोबरच मानसिक आजारावरच्या क्लोझापिन आणि ओलान्झापिन या औषधांचं प्रमाणही धूर थांबल्यावर रक्तात वाढतं. अशा रुग्णाने विडी सोडली तर घरच्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात कळवावं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा मोजावी. कोणताही डोस स्वतःच्या अंदाजाने कमी-जास्त करू नये.

चहा-कॉफी निम्म्यावर आणा. त्यांतलं कॅफिनही यकृतात त्याच वाटेने मोडतं, त्यामुळे धूर सुटल्यावर तेवढ्याच चहाने जास्त धडधड होते. थिओफायलिन त्याच कुळातलं आहे. १८८८ साली आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने ते प्रथम वेगळं काढलं ते चहाच्या पानांतूनच.

व्हॅरेनिक्लिन जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या, मळमळ बरीच कमी होते. विचित्र, ठळक स्वप्नं पडतात, त्यांना घाबरू नका. या गोळीवर दारू नेहमीपेक्षा जास्त चढू शकते, म्हणून जपा. आपल्यावर गोळीचा काय परिणाम होतो ते कळेपर्यंत गाडी चालवू नका. मन फार उदास झालं, वागण्यात बदल दिसला, तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध नियामकाने याबाबत २००९ मध्ये ठळक इशारा छापायला लावला होता. मोठ्या अभ्यासानंतर २०१६ मध्ये तो काढला, तरी घरच्यांनी लक्ष ठेवणं सोडू नये.

दुसरी गोळी ब्युप्रोपियन. फिट येणाऱ्यांना ती देत नाहीत. रोजची भरपूर दारू एकाएकी बंद केलेल्यालाही देत नाहीत. थिओफायलिनबरोबर ती घेतल्यास फिटचा धोका वाढतो. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, त्याचं हे एवढं कारण पुरेसं आहे.

निकोटीनचा गम सुपारीसारखा चावायचा नसतो. थोडा चावावा, जीभ चुरचुरली की गालात ठेवून द्यावा, चुरचुर गेली की पुन्हा चावावा. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कोकम सरबत, सोलकढी काही घेऊ नये. आंबट तोंडात निकोटीन नीट शोषलं जात नाही.

औषधाने खरोखर किती फरक पडतो? २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये १६ देशांतल्या ८ हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास आला. नवव्यापासून चोविसाव्या आठवड्यापर्यंत धुरापासून दूर राहिलेले लोक व्हॅरेनिक्लिनच्या गटात २१.८ टक्के, ब्युप्रोपियनच्या गटात १६.२, निकोटीनच्या पट्टीच्या गटात १५.७ आणि औषध नसलेल्या गोळीच्या गटात ९.४ होते. समुपदेशन सगळ्यांनाच मिळालं होतं. म्हणजे व्हॅरेनिक्लिनने शक्यता दुपटीहून वाढते, पण हमी मिळत नाही. पहिल्यांदा जमलं नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा काही नाही.

बोलायला माणूस हवा असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक आहे. विडीच्या बंडलावर आणि सिगारेटच्या पाकिटावर तोच छापलेला असतो. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशनाची सोय केलेली आहे. आपल्याकडच्यांनी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

विडी सोडल्यावर पहिल्या पंधरवड्यात उलटी, धडधड, थरथर किंवा झोप उडणं यांपैकी काही सुरू झालं, तर सोडायची गोळी परस्पर बंद करू नका आणि विडीकडे मुळीच वळू नका. धडधड वाढली, भोवळ किंवा फिट आली तर क्षणभरही न थांबता जवळच्या रुग्णालयात जा. सगळ्या पट्ट्या सोबत घ्या आणि पोचल्याबरोबर पहिलं वाक्य हेच सांगा: मी नुकतीच विडी सोडली आहे.