वऱ्हाडातला तुमचा खेळ-पॉडकास्ट लोकांपर्यंत असा पोहोचवा

फोन, कॉलरला लावायचा साधा माइक आणि मैदानावर जायची तयारी, एवढं पुरे. आयपीएलवर बोलणारे ढीगभर आहेत. अमरावती-अकोल्याच्या खेळाडूंशी बोलणारा म्हणून तुमचं नाव व्हायला हवं. चला, सुरू करू.

१. विषयाची हद्द आखा. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातला मल्लखांब, अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणावरचा सराव, तळेगाव दशासरचा शंकरपट, सगळं आपलंच. विराट-रोहितच्या चर्चेत मात्र शिरू नका.

२. नाव ठरवा. आधी यूट्यूब आणि स्पॉटिफायवर शोधून बघा; त्या नावाचं दुसरं काही सापडलं तर लगेच बदला.

३. ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र बनवा. फोनवर नखाएवढं करून पाहा. नाव वाचता येत नसेल तर अक्षरं मोठी करा, शब्द कमी करा.

४. पहिला पाहुणा निवडा. २०२५ ची आयपीएल जिंकलेल्या बंगळुरू संघातला जितेश शर्मा अमरावतीचा, विदर्भाचा सलामीवीर अथर्व तायडे अकोल्याचा. पण सुरुवातीलाच त्यांच्या मागे धावू नका. गावातले प्रशिक्षक, स्कोअरर, खेळपट्टीवर पाणी मारणारे काका यांच्याकडे जा. ते वेळ देतात, भरभरून बोलतात. खेळाडू अठराच्या आतला असेल तर आई-वडिलांची परवानगी आधी घ्या, मगच माइक लावा.

५. अर्धा मिनिट चाचणी रेकॉर्डिंग करा. इअरफोन लावून ऐका. पंखा किंवा वारा घोंघावत असेल तर जागा बदला. नंतर तो आवाज नीट निघत नाही.

६. मुलाखत घ्या. 'कसं वाटतं?' विचारलंत तर 'छान वाटतं' एवढंच मिळेल. 'शेवटच्या चढाईला जाताना कोचनं काय सांगितलं?' असं विचारा.

७. संपादन करा. अडखळणं काढा, बोली ठेवा. पाहुणा 'मले' म्हणाला तर तसंच जाऊ द्या. सामन्याची कॉमेंट्री किंवा सिनेमाचं गाणं जोडू नका, हक्कांचा दावा येतो.

८. असे तीन भाग तयार झाल्यावरच पहिला भाग स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सवर चढवा. एकाच भागावर सुरुवात केलीत तर दुसऱ्या आठवड्यात धावपळ होते.

९. तिथली आरएसएस फीडची लिंक ॲपल पॉडकास्ट्स कनेक्टमध्ये द्या. पॉडकास्टसाठी वेगळा ईमेल वापरा. फीडमधला ईमेल कुणालाही दिसू शकतो.

१०. ४५ सेकंदांची क्लिप कापा. ही पायरी घाईत उरकू नका, तुमची ओळख इथेच होते. 'नमस्कार मंडळी'नं सुरू करू नका. पाहुण्याचं सगळ्यात जोरदार वाक्य पहिलं येऊ द्या. खाली त्याचं नाव, गाव, शाळा किंवा क्लब लिहा.

११. ती क्लिप आधी पाहुण्याला पाठवा आणि नाव तपासून घ्या. आडनाव चुकलं तर तो ती कुणालाच पुढे पाठवणार नाही. बरोबर असलं तर त्याच्या स्टेटसवरून संघ, शाळा, नातेवाईक असा प्रवास आपोआप होतो. तुम्ही स्वतः पन्नास ग्रुपवर लिंक टाकत बसू नका, लोक म्यूट करतात.

१२. क्यूआर कोडचा कागद मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर लावा. टपरीवाल्याला विचारा, आणि चिकटवण्याआधी स्वतःच्या फोननं स्कॅन करून बघा.

१३. 'देशोन्नती', 'लोकमत'च्या स्थानिक वार्ताहराला पाच ओळींची बातमी पाठवा. 'आमचा पॉडकास्ट सुरू झाला' ही बातमी नव्हे. 'गावच्या मुली दिव्याच्या उजेडात खो-खोचा सराव करतात' ही बातमी. पॉडकास्टचं नाव शेवटच्या ओळीत येऊ द्या. सोबतच्या फोटोखाली डावीकडून सगळ्यांची नावं द्या.

१४. दुसरा भाग ठरलेल्या वारीच टाका. एकदा वार चुकला की ऐकणाऱ्याची सवय मोडते.

येत्या रविवारी जवळच्या मैदानावर सामना असेलच. माइक आज रात्रीच चार्जिंगला लावा.