क्राऊन-पिनियन खोलण्याआधी

प्रश्न : जायकवाडीच्या फुगवट्याकाठी आमचं गाळपेराचं रान आहे. चिखलातून काढल्यापासून जुना ट्रॅक्टर वळताना मागून कटकट करतो, चाकापाशी तेलही गळतं. मिस्तरी म्हणतो, क्राऊन-पिनियन गेला. खोलू का?
— एक शेतकरी, नेवासा

उत्तर : एवढ्यात खोलू नका. क्राऊन-पिनियन गेला असता तर सरळ चालतानाही घरघर आली असती. फक्त वळताना आवाज, म्हणजे बहुधा चिखलात लावलेला डिफरन्शियल लॉक अडकलाय. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळा वेग लागतो, तो मिळत नाही. पेडल, स्प्रिंग मोकळी करा. तरी कटकट राहिली, तर डिफरन्शियलची छोटी गिअरं पाहावी लागतील. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय : ते बदला, ब्रीदर साफ करा, अ‍ॅक्सलचं सील नवं घाला. गळती ब्रेकपर्यंत पोचली असेल, तर दुरुस्तीआधी उसाची ट्रॉली अजिबात जोडू नका.